कोॲग्युलेज: स्लाइडवर की ट्यूबमध्ये?
ग्रॅम स्टेनखाली (जिवाणू रंगवून पाहण्याची पद्धत) स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आणि त्याचे भाऊबंद सारखेच: जांभळे घोस. म्हणून ऑरियस ओळखायला कोॲग्युलेज, म्हणजे प्लाझ्मा गोठवणारा त्याचा एन्झाइम, तपासतात. स्लाइड टेस्ट झटपट होते. सलाइनच्या थेंबात कॉलनी (जिवाणूंचा वाढलेला ठिपका) कालवा, सशाचा प्लाझ्मा मिसळा. 10 सेकंदांत गुठळ्या आल्या तर पॉझिटिव्ह. पण ती पेशीला चिकटलेला क्लंपिंग फॅक्टर (गुठळ्या करणारं प्रथिन) शोधते. त्यामुळे काही ऑरियस निसटतात, आणि लुग्डुनेन्सिस हा भाऊबंद पॉझिटिव्ह येऊन चकवतो.

ट्यूब टेस्ट सुटा, म्हणजे पेशीबाहेर सोडलेला, कोॲग्युलेज पकडते. 37 अंशांवर ठेवून 4 तासांनी ट्यूब अलगद तिरकी करायची. हलवली की कोवळी गुठळी मोडते. थेट सकाळी बघू, असं करू नका! स्टॅफिलोकायनेज हे जिवाणूचंच दुसरं एन्झाइम रातोरात गुठळी विरघळवू शकतं. 4 तासांना निगेटिव्ह असेल तरच 24 तासांपर्यंत थांबायचं.

स्लाइड चाळणीपुरती ठीक. ब्लड कल्चरचा (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा) रिपोर्ट मात्र मी ट्यूबशिवाय सोडणार नाही.