जुनी जर्मन की नवी देशी? नागपुरात गाडी घेण्याआधी सर्व्हिसिंगचं बिल उलगडून पाहा

परदेशात काही वर्षं काढून नागपूरला परतणारे बरेच जण एकच हिशेब घेऊन येतात. तिकडे सर्व्हिसिंग म्हणजे लूट, इकडे मिस्त्री स्वस्त. मग नव्या देशी एसयूव्हीच्या पैशात सात-आठ वर्षं जुनी जर्मन सेदान का नको? मिस्त्री स्वस्त, इथपर्यंत हिशेब बरोबर आहे. पुढे तो चुकतो.

सर्व्हिसिंगच्या बिलात मजुरी असते आणि माल असतो. देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो मजुरीत. अमेरिकेत डीलरच्या वर्कशॉपमध्ये तासाला 100 डॉलरच्या वर मजुरी लागणं नेहमीचं आहे. तेवढ्या रुपयांत इथे लहान गाडीची तेल-फिल्टरसह अख्खी सर्व्हिसिंग उरकते. हा फरक कराचा नाही, कारण जर्मनीत व्हॅट 19 टक्के आहे आणि आपल्याकडे जीएसटी 18. खरं कारण बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी 1964 मध्ये वेगवेगळे मांडले. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या गॅरेजमालकाने पगार कमी दिला तर त्याचा माणूस शेजारच्या कारखान्यात जाईल, म्हणून कारखान्याची उत्पादकता गॅरेजच्या पगारातही उतरते. नागपुरातल्या मिस्त्रीपुढे हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीतला पगार असतो. हात तितकेच कुशल, भाव निराळा.

मालाचं तसं नाही. सेन्सर, इंजेक्टर, गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट या वस्तू जहाजाने फिरतात, त्यामुळे त्यांच्या किमती जगभर एकमेकींच्या आसपास राहतात. आयात माल असेल तर वर सीमाशुल्क. क्रयशक्तीच्या हिशेबाने अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते भारतात साधारण 20-22 रुपयांत मिळतं, असं म्हणतात. पण ती सरासरी आहे. कटिंग, शिलाई, पंक्चर त्याहूनही स्वस्त. जर्मन गाडीचा एअर सस्पेन्शन मात्र बँकेत डॉलरला जेवढे रुपये मोजावे लागतात त्याच भावाने.

दुरुस्तीच्या सवयीही यातूनच घडल्या. अमेरिकेत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला की अख्खा बदलतात, कारण तो उघडून बसायला लागणारा वेळच महाग. इथला ऑटो इलेक्ट्रिशियन ब्रश आणि बेअरिंग बदलून तोच चालू करून देतो. दारावरचा डेंट तिकडे कधी कधी नव्या दारावर जातो, आपल्याकडे डेंटिंगवाला तो ठोकून काढतो. स्वस्त मजुरीचा खरा फायदा हाच, आणि तो साध्या गाडीतच मिळतो. गाडी जितकी इलेक्ट्रॉनिक, तितकं उघडून दुरुस्त करणं कमी आणि ‘पार्ट बदला’ जास्त. म्हणजे नागपुरात बसून जर्मनीचं बिल!

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की एसीचा कॉम्प्रेसर, बॅटरी आणि कूलंटचे प्लास्टिकचे जोड यांची परीक्षा असते, आणि जुन्या जर्मन गाड्यांत हे जोड तडकतात हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. काही मॉडेलांत रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) असतात आणि स्टेपनी नसते. समृद्धीवरून रात्री मुंबईला जाणाऱ्याने यावर जरूर विचार करावा.

देशी गाडीचा माल शहरातच मिळतो, वॉरंटी संपल्यावर चौकातल्या गॅरेजवर भागतं आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर महाग वाटलं तर पर्याय असतो. जर्मन गाडीत हा पर्याय आक्रसतो: बिघाड वाचणारा स्कॅनर असलेले मोजके मिस्त्री, आणि पार्ट बहुधा पुण्या-मुंबईहून येईपर्यंत गाडी उभी. अमेरिकेत 1975 च्या कायद्यामुळे कंपनी ‘आमच्याकडेच सर्व्हिसिंग करा, नाहीतर वॉरंटी नाही’ असं साधारणपणे म्हणू शकत नाही. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये खुल्या बाजारात सुटे भाग न देण्यावरून 14 कार कंपन्यांना सुमारे 2544 कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेलं. त्याने काही बदललं का, असं गॅरेजवाल्याला विचाराल तर तो हसतो.

जर्मन गाडीची ओढ मी समजू शकतो; हायवेवर तिची पकड वेगळीच. पण महिन्याचा पगार नागपूरचा असेल आणि घरात हीच एक गाडी असेल, तर माझं मत सरळ नव्या देशीला. मधला मार्गही आहे: 2021 पासून आलेल्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनसारख्या गाड्या, ज्यांचा बहुतांश माल भारतातच बनतो. अर्थात डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची नको, मॅन्युअल घ्या.

तरीही जुनी जर्मनच हवी असेल, तर बयाणा देण्याआधी त्या गाडीचा चेसिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, एसी कॉम्प्रेसर, वॉटर पंप, हेडलाइट आणि चार टायर, एवढ्यांचे भाव लेखी मागा. मजुरीची ओळ सोडून द्या, ती परवडेलच.