ड्रॅगच्या ३८३ स्मॉल ब्लॉकवर क्रँककेस व्हॅक्यूम पंप: सीझनभर वापरल्यानंतर

क्रँककेस म्हणजे इंजिनाच्या तळातली, क्रँक फिरतो ती पोकळी. तिथली हवा आणि वायू ओढून व्हॅक्यूम करणारा हा पंप ड्रॅग रेसिंगच्या इंजिनांवर लावतात. तो निवडताना जाहिरातीतला जास्तीत जास्त व्हॅक्यूमचा आकडा बाजूला ठेवा. वेट संपच्या (तेल इंजिनाखालच्या तबकातच, म्हणजे संपात राहतं अशा) ३८३ घनइंची शेव्हरोले व्ही-८ वर सीझनभर पट्ट्यावरचा व्हेन (फिरत्या पात्यांचा) पंप चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय. पंपावर किती भार येणार, हे पिस्टन रिंगांमधून खाली निसटणारा जळका वायू (ब्लो-बाय) आणि इंजिनाच्या जोडांतून आत येणारी हवा, म्हणजे गळती, ठरवते.

म्हणून आधी गळती शोधा. व्हॉल्व्ह कव्हरची भोकं बंद करून डिपस्टिकच्या नळीतून जेमतेम २ पीएसआय हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. जास्त दाब दिला तर सील बाहेर येतात. डिपस्टिकला ओ-रिंग हवीच. पुढच्या क्रँक सीलची कड तेल आत अडवायला बनवलेली असते. जास्त व्हॅक्यूमला ती उचलली जाते आणि धूळ आत येते. त्यामुळे बरेच जण तो सील उलटा बसवतात.

मोरोसो तीन आणि चार व्हेनचे दोन्ही पंप विकते. टर्बो-नायट्रस नसेल आणि रिंग नीट बसल्या असतील तर तीन व्हेनचा पुरतो. क्रँकवर २८ दात आणि पंपावर ५० दातांची पुली लावली की ७,००० आरपीएमला पंप ३,९२० वर फिरतो. पंप जितका सावकाश फिरेल तितक्या व्हेन कमी झिजतात. व्हॅक्यूम ठरल्यापेक्षा वाढू न देणारा रिलीफ व्हॉल्व्ह १२ इंच पाऱ्याला (व्हॅक्यूमचं माप) लावलाय. १५ च्या वर गेलात तर पिस्टन पिनला उडणारं तेल कमी पडतं. तिथे पिन ऑइलर, म्हणजे पिनवर तेल मारणाऱ्या तोट्या, लागतात. ऑइल प्रेशरचा काटाही काही पीएसआय खाली दिसतो, त्याने घाबरू नका.

सर्वांत जास्त त्रास व्हॉल्व्ह कव्हरवरच्या, पंप जिथून हवा ओढतो त्या फिटिंगचा. ते रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) तेलाच्या फवाऱ्यासमोर आणि बॅफलशिवाय (तेल अडवणाऱ्या पत्र्याशिवाय) बसवलं की पंप तेलच ओढतो, पट्टा दात सोडतो, व्हेन तुटू शकते. दोन रॉकरच्या मधली जागा बघा आणि खाली बॅफल लावा. होज १२ नंबर एएन मापाची, जाड भिंतीची घ्या. मऊ होज आतल्या आत चपटी होते आणि दोष पंपावर जातो. थोडी तेलाची वाफ मात्र आत जायलाच हवी, कारण व्हेनना तेवढंच वंगण मिळतं.

पंपातून बाहेर पडणारं तेल आणि वाफ जिथे साठते ती ब्रीदर टाकी दर रेसनंतर रिकामी करा. थंड सकाळी तळाशी दुधट, पाणी मिसळलेलं तेल सापडतं. ते परत संपात ओतू नका.

फरक काय पडला? मागच्या मेन सीलची ठिबक थांबली, प्लग कोरडे निघतात. ताकद मात्र कमी ताणाच्या ऑइल रिंग बसवल्या तरच वाढते. साध्या रिंगांवर हा खर्च फारसा भरून निघत नाही. आणि ब्रेक बूस्टरचा इलेक्ट्रिक पंप इथे लावूच नका, तेलाची वाफ आणि एवढी हवा त्याला झेपत नाही.