विनावेतन विश्रांतीचे नियम आणि आमची पगारप्रणाली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीजवळच्या एका आंबा व काजू प्रक्रिया उद्योगात हजेरी आणि पगाराचे काम मी पाहतो. एरवी आमच्याकडे पंचवीसेक माणसे असतात. कॅनिंगच्या हंगामात ही संख्या सत्तरच्या वर जाते आणि त्यांत आसपासच्या वाड्यांतून येणाऱ्या स्त्रियाच अधिक असतात. फेब्रुवारीत आम्ही कागदी मस्टर बंद करून पगाराचे सॉफ्टवेअर घेतले. भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विम्याच्या कपाती पहिल्या महिन्यापासून बरोबर निघाल्या, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास पगारातून कसा वजा व्हावा, या एका गोष्टीने मात्र माझे पहिले चार महिने घेतले.

पाळी आखताना आम्ही १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ५५ समोर ठेवले होते: सलग पाच तासांहून अधिक काम नाही, त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती. त्यानुसार सकाळी ८ ते दुपारी ४:३० अशी साडेआठ तासांची पाळी, मधला अर्धा तास विनावेतन, पगार आठ तासांचा. सॉफ्टवेअरमध्ये हे दोन पद्धतींनी मांडता येते. एकीत ठरावीक तास भरले की अर्धा तास आपोआप वजा होतो, दुसरीत कामगाराने सुट्टीला जाताना आणि परतताना केलेल्या पंचांमधली (हजेरीच्या यंत्रावरच्या नोंदींमधली) वेळच वजा होते. प्रणाली बसवून देणाऱ्याने पहिली पद्धत चालू करून दिली होती आणि सोपी वाटल्यामुळे मी ती तशीच ठेवली. हा माझा निर्णय चुकला.

पहिला दोष काजूच्या विभागात दिसला. अर्धा दिवस येणाऱ्या बायका ८ ते १२:३० काम करून घरी जातात, जेवणाची सुट्टी घेतच नाहीत, तरी साडेचार तासांऐवजी त्यांना चार तासांचा पगार लागला होता. वजावटीची सीमा शून्यावरून पाच तासांवर आणल्यावर ही चूक थांबली, पण दुसरी उभी राहिली. बरोबर पाच तास काम करणारीला पाच तासांचे पैसे मिळत आणि दहा मिनिटे जास्त थांबणारीला चार तास चाळीस मिनिटांचे. जास्त थांबून कमी पैसे, हे कोणालाही पटणार नाही. यावरचा पर्याय नियमाच्या पानावर अगदी खाली आहे: सीमेपलीकडची मिनिटेच वजा करावीत, अर्ध्या तासापर्यंत. तो चालू केल्यावर ५:१० तासांचे पाच तास होतात, ५:३० चेही पाचच होतात आणि त्यापुढे पगार नेहमीप्रमाणे वाढत जातो.

खरा प्रश्न मे महिन्यात समोर आला. एका दुपारी वीज दोन तास नव्हती, पिकलेला आंबा क्रेटमध्ये भरून पडला होता आणि वीज येताच पल्पची लाइन सुरू करावी लागली. त्या दिवशी जेवायला जेमतेम दहा मिनिटे दिली गेली. ती चूक आमच्या नियोजनाची होती. पगाराच्या दिवशी एका मावशींनी स्लिप माझ्यासमोर ठेवून विचारले, “दादा, जेवायला दहा मिनिटं मिळाली, मग अर्धा तास कशाचा कापलात?” मी नोंदी काढून पाहिल्या. प्रणालीने त्या दिवशी कोणालाही न विचारता सर्वांचा अर्धा तास वजा केला होता.

ही रक्कम किरकोळ नसते. ताशी ६० रुपये धरले तर साध्या दिवशी अर्ध्या तासाचे ३० रुपये होतात. पण ८ ते ५:३० अशा दिवशी सुट्टी मिळालीच नसेल, तर प्रत्यक्ष काम साडेनऊ तास होते आणि नऊ तासांवरच्या अर्ध्या तासाला त्याच अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे तेव्हा दुप्पट दर लागत होता. खोटी वजावट नेमका तोच अर्धा तास खाते. आंब्याच्या गर्दीत असे सहा दिवस आले तर एकेका बाईचे ३६० रुपये जातात आणि ओव्हरटाइमच्या नोंदीतही त्यांचा पत्ता राहत नाही. त्या महिन्याचा फरक आम्ही पुढच्या पगारात दिला आणि आपोआप वजावट बंद करून पंचांची पद्धत घेतली.

पंचांची पद्धत न्याय्य आहे, पण तिला मेहनत लागते. ओल्या हातांचे ठसे यंत्र घेत नव्हते, म्हणून चेहऱ्यावरून हजेरी घेणारे यंत्र आणले. फाटकावर एकच यंत्र असल्याने रांगेतल्या शेवटच्या बाईची सुट्टी पाच मिनिटांनी घटत होती, म्हणून दुसरे यंत्र जेवणाच्या शेडजवळ लावले. सुट्टीची किमान मर्यादा मी २५ मिनिटे ठेवली आहे. त्याहून कमी वेळ मिळाला तर काहीच वजा होत नाही आणि ती नोंद सुपरवायझरकडे तपासणीसाठी जाते. परतीचा पंच राहिला तर सॉफ्टवेअर अंदाज बांधत नाही, पगार थांबवून विचारते. या प्रणालीतली मला सर्वांत आवडलेली सोय हीच आहे.

चहाच्या दहा मिनिटांना पंच करायला लावू नका. आमच्याकडे दोन चहा मिळून वीस मिनिटे जेवणाच्या सुट्टीत मिसळली होती. बॉयलरवरचा माणूस जागा सोडू शकत नाही, कामावरच जेवतो, म्हणून त्याची विश्रांती सवेतन ठरवून त्याच्यासाठी वेगळी पाळी केली आहे. रात्री ८ च्या पाळीची सुट्टी १२:१५ ला होते आणि तारीख बदलल्याने ती दोन्ही दिवसांतून वजा होत होती. दिवस बदलण्याची वेळ सकाळी ६ केल्यावर हे थांबले.

एक गंभीर उणीव अजून आहे. नियम बदलला की तो मागच्या महिन्यांनाही लागू होतो, जोपर्यंत तुम्ही ‘लागू दिनांक’ स्वतः भरत नाही, आणि तो रकाना रिकामा सोडला तरी प्रणाली इशारा देत नाही. जूनमध्ये यामुळे एप्रिलचे चुकते केलेले पगार पुन्हा मोजले गेले. तेव्हापासून पगार वाटून झाला की तो महिना मी कुलूपबंद करतो.

स्लिपवर आता दर दिवसासमोर सुट्टीची सुरुवात, शेवट आणि वजा झालेली मिनिटे मराठीत छापली जातात. हा तक्ता मूळ स्लिपमध्ये नव्हता, तो मागून घ्यावा लागला. पुढच्या हंगामाआधी वीज गेलेल्या दिवसांसाठी वेगळी पाळी तयार करून, एप्रिलच्या जुन्या नोंदींवर ती चालवून पाहणार आहे.