साडेचार हजारांचं पिवळं कार्ड

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात पॅनमन आहे, म्हणजे रस आटवून साखर पाडायच्या कढईवरचा कामगार. गळीत हंगाम संपला की आमच्यातले काही जण आफ्रिकेतल्या कारखान्यांची कामं धरतात. 2023 च्या उन्हाळ्यात मला आणि आण्णांना युगांडातून बोलावणं आलं. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वय एकसष्ट, पूर्वी केनियात चार वर्षं काढलेली.

युगांडात उतरायचं तर यलो फिवरची, म्हणजे डासांमुळं होणाऱ्या पिवळ्या तापाची, लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं, व्हिसाच्या अर्जालाच ते जोडावं लागतं. तालुक्याच्या गावात पासपोर्ट-व्हिसाची कामं करणारा एक एजंट आहे. तो म्हणाला, "मुंबईत नंबर लागायला महिना जाईल. इथल्या डॉक्टरांकडं सोय आहे. माणशी साडेचार हजार." आण्णांनी आपलं 2012 चं कार्ड दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "काका, दहा वर्षं झाली, हे संपलं. नवीन करावं लागेल." आण्णांनी ते घरी नेऊन ट्रंकेत टाकलं.

दवाखाना एका खोलीचा. डॉक्टरांनी काही विचारलं नाही. आजार, औषधं, ॲलर्जी, काहीच नाही. काचेच्या छोट्या कुपीतून तयार पातळ औषध सिरिंजमध्ये ओढलं आणि कमरेत टोचलं. पाच मिनिटांत बाहेर. कार्ड एजंटनंच लिहून आणलं, वर गोल शिक्का. पुढं व्हिसाही मिळाला, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. पण व्हिसाच्या अर्जाला नुसता कार्डाचा फोटो जातो. व्हिसा आला म्हणजे कार्ड खरं, असं अजिबात नाही. इथंच आम्ही चुकलो.

मुंबई विमानतळावर चेक-इनच्या बाईंनी कार्डं बघितली आणि साहेबांना बोलावलं. त्यांनी माझ्या कार्डावर एका रकान्याखाली बोट ठेवलं. लस घेतल्याची तारीख आणि कार्ड लागू होण्याची तारीख एकच होती. खरी लस घेतली तर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, कारण अंगात प्रतिकारशक्ती यायला तेवढे दिवस लागतात. पासपोर्ट नंबर नव्हता, लस बनवणाऱ्या कंपनीचं नाव नव्हतं, आणि शिक्का मान्यताप्राप्त केंद्राचा नव्हता. मग त्यांनी आण्णांना विचारलं, पूर्वी कधी लस घेतली होती का? आण्णांनी ट्रंकेतल्या कार्डाचं सांगितलं. ते साहेब क्षणभर गप्पच झाले. म्हणाले, "ते आणलं असतं तर तुम्ही आज गेला असता. 11 जुलै 2016 पासून हे कार्ड जन्मभर चालतं. त्याच्या आधी काढलेलंसुद्धा."

आण्णा सामानाच्या ट्रॉलीला धरून उभे होते, ते तिथंच खाली बसले. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही.

विमान गेलं. तिकिटाचे पैसे बुडाले. आण्णांच्या मुलानं रात्रीच्या गाडीनं जुनं कार्ड आणलं आणि चार दिवसांनी आण्णा एकटे गेले. मी मुंबईतच थांबून सरकारी केंद्रात तारीख घेतली. तिथं गेल्यावर कळलं, खरी लस कशी देतात. मूळ पासपोर्ट बघितला. अंड्याची ॲलर्जी आहे का, कुठली औषधं चालू आहेत, सगळं विचारलं. ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून साठीच्या वरच्या माणसांना ती जपून द्यावी लागते, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि आमच्या एकसष्ट वर्षांच्या आण्णांना त्या दवाखान्यात वयसुद्धा विचारलं नव्हतं! कुपीत कोरडी पूड होती. तीत द्रावण घालून माझ्यासमोर हलवली आणि दंडाला, कातडीखाली टोचली. नंतर अर्धा तास बसवून ठेवलं. एकदा कालवलेली लस सहा तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून ठरलेल्या दिवशी देतात. तारखेसाठी थांबावं लागतं ते त्यामुळं. पैसे लागले 300, पावतीसकट.

मग कमरेत टोचलं ते काय होतं? आजही माहीत नाही. सुई तरी नवी होती का, या भीतीनं मी एचआयव्ही आणि कावीळ बी दोन्हींची तपासणी केली, तीन महिन्यांनी पुन्हा केली. काही निघालं नाही. पण ते तीन महिने बायकोनं आणि मी कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

काहीजण म्हणतात, कार्डच हवं असतं, लस घेतली काय न घेतली काय. मला हे ऐकवत नाही. या तापावर खास औषध नाही. तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडं डेंग्यू पसरवतो तोच, आपल्या दारातल्या बॅरलमध्ये वाढणारा. आपल्या देशात हा रोग अजून आलेला नाही. म्हणून तर तिकडून खऱ्या कार्डाशिवाय परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मी खोटं कार्ड घेऊन गेलो असतो आणि ताप घेऊन गावात आलो असतो, तर?

जाणार असाल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त केंद्रांची यादी आहे, ती आधी बघा. त्या यादीत नसलेल्या दवाखान्याचं कार्ड घेऊ नका. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या, आणि हातात महिनाभर असेल तर उत्तम. घरी कुणाचं जुनं कार्ड असेल तर ते टाकू नका.

आम्ही पोलिसात अर्ज दिला, दोन्ही खोटी कार्डं जोडून. एजंट म्हणतो, मी फक्त डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टर म्हणतात, मी फक्त टॉनिकचं इंजेक्शन दिलं, कार्ड माझं नाही. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातला एक पोरगा टांझानियाला निघालाय म्हणून भेटायला आला. त्याच एजंटनं त्याला साडेपाच हजार सांगितले होते.