बुडत्या बँका: आयर्लंडचा रस्ता की आइसलंडचा?

बँक बुडायला लागली की सरकारने ती वाचवावी का, यावर मत बनवायचं असेल तर २००८ सालचे आयर्लंड आणि आइसलंड शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे बँका देशाला न पेलतील इतक्या फुगल्या होत्या, आणि दोन्हीकडे आठवड्याभराच्या अंतराने निर्णयाची रात्र आली.

आयर्लंडने २९ सप्टेंबरच्या रात्री सहा बँकांच्या ठेवींना आणि कर्जरोख्यांना सरसकट सरकारी हमी दिली, सुमारे ४४० अब्ज युरोची. माझ्या मते सगळं नुकसान त्या ‘आणि’मुळे झालं. ठेवीदाराला धीर द्यायलाच हवा होता. पण नफ्यासाठी बँकेला पैसे देणाऱ्या रोखेधारकाचा तोटा शिक्षिका आणि नर्सने का भरायचा? बँका सावरायला ६४ अब्ज युरो लागले. २०१० मध्ये सरकारी तूट जीडीपीच्या ३२ टक्क्यांवर गेली, नोव्हेंबरात ८५ अब्जांचं मदत-पॅकेज घ्यावं लागलं. किमान वेतन ताशी ८.६५ युरोवरून ७.६५ वर आणलं (काही महिन्यांत ते परत वाढवलं, हे खरं). बेरोजगारी १५ टक्क्यांच्या आसपास पोचली, तरुण पोरं देश सोडून गेली.

आइसलंडच्या तीन मोठ्या बँका मिळून अर्थव्यवस्थेच्या जवळपास दहापट होत्या. वाचवायची ऐपतच नव्हती, त्यामुळे तिथे धाडसापेक्षा नाइलाज जास्त होता. ६ ऑक्टोबरच्या कायद्याने ठेवीदारांचा हक्क सगळ्यांत वर ठेवला. देशातले व्यवहार नव्या बँकांत गेले, परदेशी धनको जुन्या बँकांच्या दिवाळखोरीत अडकले.

पण हा रस्ताही फुकटचा नव्हता. तिथल्या चलनाची, क्रोनाची, किंमत जवळपास अर्धी झाली, महागाई १८ टक्क्यांवर गेली, आणि पैसा देशाबाहेर नेण्यावरचे निर्बंध मार्च २०१७ पर्यंत उठले नाहीत. ज्यांनी घरासाठी येन किंवा स्विस फ्रँकशी जोडलेलं कर्ज घेतलं होतं, त्यांची अवस्था डोळ्यांसमोर आणा: पगार क्रोनात, तोही तेवढाच, आणि हप्ता दुपटीच्या घरात. जून २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कर्जं बेकायदा ठरवली, तोवर दीड वर्ष उलटून गेलं होतं.

माझा कौल आइसलंडला, एका अटीवर: हातात स्वतःचं चलन हवं. क्रोना पडला, तसा आइसलंड परदेशी लोकांना स्वस्त झाला, म्हणून निर्यात आणि पर्यटन सावरलं. आयर्लंड युरोत होता, आणि पुढे रोखेधारकांना झळ लावायचं म्हटलं तेव्हा युरोपीय मध्यवर्ती बँकच आडवी आली. तरीही ती सरसकट हमी डब्लिनमध्येच लिहिली गेली होती, आणि तिच्यातून रोखेधारक वगळणं त्या रात्री तरी डब्लिनच्याच हातात होतं.