निगेटिव्ह घरी स्कॅन करायच्या तर: फ्लॅटबेड की कॅमेरा?

फिल्म घरी धुणाऱ्यांना आज ना उद्या हा प्रश्न पडतोच. फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावा, की आहे त्या डिजिटल कॅमेऱ्याला मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स लावून निगेटिव्हचाच फोटो काढावा? मी दोन्ही वापरलंय.

फ्लॅटबेडचं सुख म्हणजे पट्ट्या होल्डरमध्ये बसवून बटण दाबलं की चहाला मोकळे. १२० ची, म्हणजे रुंद फिल्म वापरणाऱ्यांना तो पुरून उरतो. स्कॅनमधली धूळ इन्फ्रारेड किरणांनी ओळखून पुसणाऱ्या सोयीच्या भरवशावर मात्र घेऊ नका. कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, त्यामुळे एचपी५ किंवा ट्राय-एक्सवर ती सोय कुचकामी. रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाणारी कृष्णधवल एक्सपी२ तेवढी चालते.

माझं बिनसलं ते पावसाळ्यात. जून लागला की बेळगावात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. अशा हवेत फिल्मची गुळगुळीत पाठ काचेला जरा टेकली की चिकटते, आणि स्कॅनमध्ये तेलाच्या तवंगासारखी वर्तुळं उमटतात. हीच ती न्यूटन रिंग्ज. कपिलेश्वर तलावावरच्या विसर्जनाचा रोल घेतला, तर ढगाळ आभाळभर नुसती वर्तुळं. माणसांच्या गर्दीत ती लपतात, सपाट करड्या रंगात नाही, आणि पुसायला गेलं तर ग्रेनही (फिल्मचे दाणे) जातो. खास खरखरीत काच मिळते म्हणा, पण ती वेगळी मागवा, पुन्हा तिची धूळ पुसा.

कॅमेऱ्याखाली काचच नाही, त्यामुळे ती भानगडच मिटली. मांडामांड आहे, नाही असं नाही. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा समांतर. पंखा बंद, खोलीत अंधार.

कॉन्टॅक्ट शीटला, म्हणजे अख्खा रोल एका पानावर बघायला, तर कॅमेऱ्याला माझ्या मते तुलनाच नाही. स्वस्त फ्लॅटबेडच्या झाकणातला दिवा अरुंद, छत्तीस फ्रेमना तीन खेपा. इथे पट्ट्यांची अख्खी पारदर्शक स्लीव्ह (पिशवी) लाइट पॅनेलवर ठेवा, एक क्लिक करा, संगणकावर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करा, झालं. पॅनेल ए३ घ्या. ३५ मिमीच्या सहा पट्ट्यांचेच २१० मिमी होतात, म्हणजे ए४ ची पूर्ण रुंदी. स्लीव्हच्या शिवणी धरल्या तर बाहेर जातात.

डिजिटल कॅमेरा मुळातच नसेल तर फ्लॅटबेडच परवडेल, हे मान्य. असेल, तर मॅक्रो लेन्स जुनी, हाताने फोकस करायची घेतली तरी चालते. ऑटोफोकसचं इथे कामच नाही.