सिलेन-सिलोक्झेन सीलर: फरशीसाठी उत्तम, पण पाणी साचत नसेल तरच

कडक हिवाळ्यात उघड्यावरच्या काँक्रीट पेव्हरला (फरशीच्या ठोकळ्याला) फोडतं ते आत मुरलेलं पाणी. गोठताना त्याचं आकारमान साधारण 9 टक्के वाढतं. रात्री गोठणं, दुपारी वितळणं असं चक्र चालू राहिलं की वरच्या खपल्या सुटू लागतात. सिलेन-सिलोक्झेन सीलर, म्हणजे पाणी झटकणारा सिलिकॉनयुक्त द्रव, हे मुरणंच कमी करतो. तो छिद्रांत शिरून सिमेंटशी बांधला जातो, वर थर धरत नाही, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडते. ॲक्रिलिक सीलरची चमक भुरळ घालते खरी, पण खाली ओल अडकली की तो पांढरट पडतो, पोपडे धरतो आणि ओला असताना निसरडा होतो. बाहेरच्या फरशीला तो नकोच.

सीलरचं यश बव्हंशी तयारीवर ठरतं. नवं काँक्रीट 28 दिवस पक्कं होऊ द्या. शेवाळ आणि तेलाचे डाग काढा. लोणा (क्षारांची पांढरी पूड) आला असेल तर तो आधी साफ करा, नाहीतर वरून सीलर मारल्यावर काढणं कठीण जातं. धुतल्यानंतर किमान 24 तास, दमट हवेत 48 तास फरशी वाळवा. हवा 5 अंशांच्या वर हवी आणि पुढचा दिवस कोरडा.

कमी दाबाच्या फवारणी पंपाने, उताराच्या खालच्या टोकाकडून वर असा मारा. सच्छिद्र पेव्हरवर लिटरमागे 3 ते 5 चौरस मीटर धरा, म्हणजे 20 चौरस मीटरच्या पहिल्या हाताला 4 ते 7 लिटर. दुसरा हात पहिला ओला असतानाच द्यायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं: पहिला हात पूर्ण वाळला की तो स्वतःच पाणी झटकतो आणि दुसरा नीट शिरत नाही. साचलेला सीलर रोलरने लगेच पसरवा, डबकं राहिलं तर चिकट डाग उरतो. शेजारच्या काचा आणि झाडं झाकून घ्या.

चुनखडी आणि संगमरवरावर मात्र याचा भरवसा नाही. त्या दगडांत सिलिका फारशी नसल्याने पकड कच्ची राहते.

आणखी एक मर्यादा. साचलेल्या पाण्यापुढे हा सीलर हरतो. मीटरला दीडेक सेंटिमीटर उतार नसेल किंवा खालची खडी पाणी धरून ठेवत असेल, तर गोठलेली जमीन पेव्हर उचलणारच. तिथे फरशी उकलून पाया दुरुस्त करणं भाग आहे. सांध्यांतली वाळू खचली असेल तर तीही भरून घ्या.

सीलर मारला म्हणून बर्फ वितळवायचं मीठ सढळ हाताने टाकू नका. अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असलेलं मिश्रण तर काँक्रीट रासायनिकरीत्या खातं, ते टाळाच. घसरण रोखायला नुसती वाळू पुरते. बर्फ प्लॅस्टिकच्या पात्याच्या फावड्याने ओढावा.

दर हिवाळ्याआधी फरशीवर थोडं पाणी शिंपडा. थेंब गोल राहिले तर ठीक. काही मिनिटांत फरशी काळसर झाली, तर नवा हात द्यायची वेळ आली.